सेवा म्हणजे खडूची पेटी नव्हे

ऊर्जानगरमधल्या घरांना ‘ठेका’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. वीजकेंद्राच्या आसऱ्याने वाढलेल्या या वसाहतीत तो रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. पण मुलांच्या गुणपत्रिकेमागेही एखादा ठेका असू शकतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ म्हटले की वर्ग आणि ग्रंथालय डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात पहारा, झाडलोट, खानावळ, संगणकाचे काम, बांधकामाचा सल्ला अशा कितीतरी सेवा विद्यापीठे आज बाहेरून विकत घेतात. त्यासाठी खरेदी समिती असते, निविदा निघतात आणि बहुधा सर्वांत कमी दराला काम मिळते.

मी बँकेत असताना निविदांची पाकिटे पुष्कळ उघडली. वस्तूंच्या बाबतीत ही रीत चालते. कपाट आले, कुलूप लावून पाहिले, बिल चुकते केले. सेवा मात्र आधी ठरवायची आणि मग घडताना पाहायची. म्हणून दराच्या आकड्याहून ‘आम्हांला नेमके काय हवे’ हे सांगणारा कागद मोलाचा.

2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवून ते काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवले. लाखो उत्तरपत्रिका, अपुरी पूर्वतयारी आणि हाताशी थोडे दिवस! कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदतही टळली, निकाल रखडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पण मुलांचे हुकलेले प्रवेश कोणत्या दंडाच्या कलमाने भरून निघणार?

झाडलोट आणि पहाऱ्याचे दुखणे वेगळे. तिथे खर्च म्हणजे मुख्यतः माणसाची मजुरी. दर फार खाली आला, तर कात्री त्या मजुरीला किंवा भविष्यनिर्वाह निधीला लागण्याचा धोका असतो. ठेकेदाराने मजुरी थकवली, तर ती देण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्या मूळ मालकावर 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच टाकली होती. स्वस्ताईचे बिल असे मागच्या दाराने परत येते.

तेव्हा सर्व सेवांना एकच तराजू नको. झाडलोटीत किमान वेतन आधी बाजूला काढून उरलेल्या रकमेवर स्पर्धा व्हावी. सल्लागार निवडताना गुणवत्तेला दराआधी गुण मिळावेत. परीक्षेचे काम तर छोट्या परीक्षेवर पारखल्याशिवाय आणि जुनी पद्धत हाताशी ठेवल्याशिवाय कोणाच्याही हवाली करू नये.

अधिसभेत निवडून दिलेल्या प्रतिनिधींना पालकांनी एवढे जरूर विचारावे. पुण्या-मुंबईच्या मुलाला उशिरा लागलेला निकाल एक मनस्ताप असतो. भामरागड किंवा सिरोंचाहून शिकायला आलेल्या मुलीच्या घरी तेच निमित्त तिचे शिक्षण थांबवायला पुरेसे ठरू शकते.