दुसरा विमानतळ

मुंबईचं विमान पावसात अहमदाबादला उतरवलं की लगेच सूर निघतो, ‘पायलटला जमलं नाही वाटतं!’ मला हे पटत नाही. ती सोय बहुधा उड्डाणाआधीच ठरलेली असते.

ढगांत फक्त उपकरणांच्या भरवशावर उडणाऱ्या खासगी विमानांसाठी अमेरिकेतला नियम बघा. पोचण्याच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत ढग २००० फुटांखाली येणार असतील किंवा ३ मैलांपर्यंतचं दिसणार नसेल, तर सहसा पर्यायी विमानतळ लिहून द्यावाच लागतो. नुसतं नाव लिहून भागत नाही. मुक्कामापर्यंतचं, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि वर ४५ मिनिटांचं इंधन टाकीत हवं. शिवाय तो फार जवळचा असेल, तर त्याच ढगाखाली सापडायचा! तिथलं हवामानही आधी बघावं लागतं.

आपण लेकीला सासरी पाठवताना म्हणतो, ‘नाहीच जमलं तर ये हो माघारी.’ पण तिच्या नावावर चार पैसे, माहेरी तिची हक्काची खोली ठेवतो का? मैत्रिणींनो, इंधनाशिवाय दिलेला पर्याय कागदावरच राहतो. आणि ती आलीच, तर ‘हिला जमलं नाही’ असं तरी म्हणू नका.