मार्क वाया जात नसतात

‘९७ पर्सेंटाईल पडलेत आणि सिव्हिल घेतेस? कॉम्प्युटर मिळत असताना? मार्क वाया घालवू नकोस.’ जून-जुलैत महाराष्ट्रातल्या हजारो घरांत हे वाक्य उच्चारलं जातं आणि बहुतेक वेळा वाद तिथेच संपतो. बोलणारे काका किंवा मामा मुलीचे शत्रू नसतात. उलट त्यांच्या म्हणण्यामागे एक रीतसर युक्तिवाद आहे. तो आधी नीट मांडू, कारण त्याची थट्टा करणं सोपं आहे आणि त्याला उत्तर देणं तेवढं सोपं नाही.

तो युक्तिवाद असा. मार्क ही दोन वर्षांच्या कष्टाची कमाई आहे. ज्या जागेचा कट-ऑफ जास्त, ती हजारो हुशार मुलांनी आणि त्यांच्या विचारी पालकांनी मागितलेली जागा. एवढी माणसं एकदम चुकत नाहीत. आणि आज वरची जागा घेतली तर उद्या खालच्या क्षेत्रात उतरता येतं. खालची घेतली तर वर चढता येत नाही. म्हणून मार्कांना मिळेल ती सर्वांत वरची जागा घ्यावी. आवडीचं पुढे बघता येईल.

यातला पहिलाच पाया कच्चा आहे. कट-ऑफ म्हणजे मागच्या वर्षी त्या जागांवर सर्वांत शेवटी आलेल्या मुलाचा क्रमांक, दुसरं काही नाही. तो कॉलेज ठरवत नाही, सीईटी सेल ठरवत नाही. यादी उघडून पाहा. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेपुढे जी-ओपन-एच, एल-ओपन-एच, जी-ओपन-ओ अशा ओळीच्या ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे वेगळा आकडा. कारण साधं आहे. खासगी कॉलेजांत ढोबळमानाने ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, मुलींना ३० टक्के, शिवाय प्रवर्गांच्या जागा. वर्ग तोच, फळा तोच, शिकवणारे सर तेच. मग यातला कोणता आकडा त्या शाखेचा दर्जा सांगतो म्हणायचं?

आणखी पुढे जाऊ. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, २०२४-२५ पासून चांगलं काम असलेल्या संस्थांवरची शाखानिहाय जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. ज्या शाखेला गिऱ्हाईक, तिच्या तुकड्या वाढवायला वाट मोकळी झाली. समजा एका कॉलेजने कॉम्प्युटरच्या साठ जागांच्या एकशेऐंशी केल्या. शेवटच्या मुलाचा क्रमांक खाली जाणार, म्हणजे कट-ऑफ उतरणार. शिक्षण उतरलं का? उतरलंही असेल, पण ते तुकड्या वाढल्या आणि प्राध्यापक वाढले नाहीत म्हणून. आकड्याला त्याची खबर नाही. लासलगावला कांद्याचा भाव पडला म्हणून कांद्याची चव बदलत नाही, आवक तेवढी कळते. कट-ऑफ हा आवक-मागणीचा आकडा आहे. तो गर्दीबद्दल बोलतो, अभ्यासक्रमाबद्दल एक अक्षरही बोलत नाही.

‘एवढी माणसं चुकत नाहीत’ या म्हणण्याचंही तेच. ती माणसं एकमेकांकडे बघूनच अर्ज भरतात. यंदाची गर्दी मागच्या वर्षीच्या कट-ऑफवरून ठरते आणि पुढच्या वर्षीचा कट-ऑफ यंदाच्या गर्दीवरून. हजार जणांनी स्वतंत्रपणे विचार करून एकच उत्तर काढलं तर त्याला वजन आहे. हजार जणांनी एकाच यादीतून ते उतरवून घेतलं तर नाही.

आता ‘वाया’कडे येऊ. एमएचटी-सीईटीचा पीसीएमचा पेपर २०० मार्कांचा, त्यातले निम्मे गणिताचे. त्या मार्कांचं पर्सेंटाईल होतं, म्हणजे रांगेतली जागा. २०२५ साली या गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. तेव्हा एका पर्सेंटाईलच्या आत चार हजारांवर मुलं दाटीवाटीने उभी असतात, हे ‘फक्त एकाने गेलं’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. या क्रमांकाचं काम एकच: हव्या त्या जागेसाठी आधी बोलावणं येणं. त्या मुलीला सिव्हिलच हवं असेल तर ९७ मुळे तिला सिव्हिल शिकवणारी जास्त चांगली कॉलेजं निवडता येतात. तिथे मार्क पुरेपूर वापरले गेले. नको असलेल्या शाखेत शिरून चार वर्षं कुढणाऱ्याचे मात्र खरोखर वाया जातात.

तरीही प्रतिपक्षाचा एक मुद्दा मी मान्य करतो. जिथे चांगली मुलं जमतात तिथे कंपन्या येतात, स्पर्धा असते, शेजारच्या बाकावरूनही शिकायला मिळतं. बरोबर. पण हे एकाच शाखेच्या दोन कॉलेजांबद्दल खरं आहे. पुण्यातल्या दोन मेकॅनिकलमध्ये निवड करताना कट-ऑफ जरूर बघा. मेकॅनिकल की आयटी, हे ठरवताना तो आकडा झाकून ठेवा. नेमकी उलटी पद्धत आपल्याकडे रूढ आहे: शाखा आकड्यावरून आणि कॉलेज घरापासूनच्या अंतरावरून.

‘वरून खाली उतरता येतं’ हे तिसरं कलम तर कागदोपत्रीच खोटं ठरतं. नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते, म्हणून लोकांनी असा समज करून घेतला आहे की सगळीकडेच कोणतीही चालते. त्याच यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, गणित, भूशास्त्र, कृषी, अभियांत्रिकी अशा ठरावीक विषयांपैकी एकाची पदवी लागते, बी.कॉम. झालेल्याने जंगलावर कितीही प्रेम केलं तरी फॉर्म भरता येत नाही. प्रत्येक पदवीच्या पुढे आणखी दारं आहेत आणि प्रत्येक दाराला आपापली अट आहे.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवू लागतील. ‘बरोबर! मुलांना आवडेल ते करू द्या, आवड असली की बाकीचं जमून येतं.’ करिअर मार्गदर्शनाच्या व्यासपीठांवर हे फार चालतं. मला हा पक्ष पहिल्याइतकाच घातक वाटतो. थोडा जास्तच, कारण तो ऐकायला गोड आहे. आवड असूनही दार बंद असतं, आणि ते बारावीनंतर नाही, दोन वर्षं आधी बंद झालेलं असतं.

अकरावी कॉमर्सला प्रवेश घेताना विचारतात, मॅथ्स की एस.पी.? चिटणिसाची कार्यपद्धती सोपी, मार्क मिळतात, क्लास लावावा लागत नाही, एस.पी.वर खूण होते. दोन वर्षांनी तीच मुलगी अर्थशास्त्राच्या प्रेमात पडते, दिल्ली विद्यापीठाचं नाव काढते आणि तिला कळतं की तिथल्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठी सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो, आणि बारावीला जो विषय घेतला त्याचाच पेपर तिथे धरला जातो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.लाही बारावीचं गणित हवं. सायन्सकडे असंच बायफोकलचं. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स दोनशे मार्कांचं, स्कोरिंग, म्हणून घेतात; त्यात एक भाषा आणि बहुधा बायो सुटतं. बायो सुटलं की नीट जवळपास सुटली. ७२० पैकी ३६० मार्क जीवशास्त्राचेच आहेत. उलट ‘डॉक्टरच व्हायचंय’ म्हणून गणित सोडलेल्याला नीटमध्ये अपयश आल्यावर आर्किटेक्चर सुचतं, कोणाला खडकवासल्याला एनडीएतून हवाई दलात जावंसं वाटतं. दोन्हीकडे गणित मागतात. आवडीचा दोष नाही. अकरावीचा फॉर्म हाच पदवीचा अर्धा फॉर्म असतो, हे घरात कोणी सांगितलेलं नसतं.

‘बारावीला फक्त पास व्हायचं, खरी परीक्षा एंट्रन्सची’ हा क्लासवाल्यांचा प्रचारही याच जातीचा. कॉलेज टायअपचं, हजेरी कागदावर, बोर्डाचा अभ्यास जानेवारीत. अभियांत्रिकीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के पुरतात हे खरं. पण एमबीबीएससाठी फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून ५० लागतात आणि आयआयटी-एनआयटीला जेईईच्या रँकखेरीज बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाईलमध्ये स्थान. रँक हातात आणि ७४ टक्के, या अवस्थेतल्या मुलाला आवडीवरचं भाषण ऐकवून पाहावं.

तर माझा पक्ष असा: कट-ऑफ शेवटी बघा, पात्रतेची अट सर्वांत आधी वाचा, आणि नुसती ‘मी बसतो का’ एवढ्यासाठी वाचू नका. अभ्यासक्रम स्वतःबद्दल जे काही छापतो त्यात सर्वांत कमी खोटं या अटीत असतं. माहितीपत्रकातल्या हिरवळीचा फोटो कोणीही काढून आणतो. अट मात्र सांगते की पहिल्या दिवसापासून तुमच्याकडून काय गृहीत धरलं जाणार आहे. दिल्लीचं अर्थशास्त्र गणित मागतं, कारण तिथे सुरुवातीपासूनच अवकलन चालतं. वर्तमानपत्रातल्या अर्थसंकल्पाच्या पुरवण्या आवडतात म्हणून जाणाऱ्याने हे समजून जावं. पुण्याची आयसर बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो यांपैकी निदान तीन विषय मागते, पण प्रवेशाच्या चाचणीत चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न विचारते. याचा अर्थ स्वच्छ आहे: इथे बायोवाल्याला गणितापासून आणि गणितवाल्याला पेशीपासून पळता येणार नाही. असं वाचायला शिकलेल्या मुलाला समुपदेशकाची फी कमी द्यावी लागते.

यावर चलाख आक्षेप येतो: अटी तर सरकार रोज बदलतं, त्यांचं काय एवढं? बदलतात खऱ्या. बीबीए, बीसीए, बीएमएस एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि २०२४ साली महाराष्ट्रात अचानक त्यांना सीईटी लागली. बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळेल म्हणून निवांत बसलेली मुलं गडबडली, दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली, तरी जागा रिकाम्या राहिल्या, आणि काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून सीईटीला वळसा घातला. म्हणजे अट दरवर्षी नव्याने वाचायला हवी, शेजारच्या दादाच्या आठवणीवर विसंबून चालणार नाही, एवढाच याचा निष्कर्ष. आणि कागदावर अट सैल झाली म्हणून विषय सैल होत नाही. २०२१ मध्ये एआयसीटीईने बारावीला चौदा विषयांपैकी कोणतेही तीन असले तरी अभियांत्रिकीला पात्र धरायची मुभा दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. महाराष्ट्राने फिजिक्स आणि गणित ठेवलं हे शहाणपणाचं. एम-वन, एम-टू या गणिताच्या पेपरांच्या केट्या साठवत चौथ्या वर्षापर्यंत आलेल्यांना विचारा.

राहिला ऑप्शन फॉर्म. इथे एक अंधश्रद्धा सगळ्यांत जास्त नुकसान करते: ‘आपल्याला न मिळणारं कॉलेज वर लिहिलं तर खालचं हातचं जातं.’ जात नाही. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका मुलाची यादी वरून खाली वाचली जाते आणि जिथे पहिली मोकळी जागा सापडेल ती मिळते. वरची चार अशक्य नावं फक्त ओलांडली जातात. म्हणून यादी मनातल्या पसंतीच्या क्रमानेच लावावी, अंदाजाच्या क्रमाने नव्हे. नुकसान उलट्या बाजूने होतं. पहिल्या फेरीत पहिलं नाव मिळालं की ते फ्रीझ होतं. २०२५ मध्ये दुसऱ्या फेरीला पहिली तीन आणि तिसऱ्या फेरीला पहिली सहा नावं अशी बांधील झाली. काकांच्या समाधानासाठी वर लिहिलेलं नाव लागलं की ‘बेटरमेंट’ला, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी चांगली जागा मिळवायला, वाव नाही. ज्या कॉलेजात खरोखर पाऊल टाकायचं नाही, ते पहिल्या सहांत कशाला?

आणि कॅपचं हे गणित न जमलेल्यांना मॅनेजमेंट कोट्याचा रस्ता दाखवणारे दलाल नाक्यानाक्यावर उभे असतात. ‘शाखा तीच, कॉलेज तेच, डिग्री तीच, मग कोणत्या दाराने आत आलात याने काय फरक पडतो?’ फरक रुपयांत पडतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही, खासगी अभिमत विद्यापीठात घेतला तरी नाही. फी माफ प्रवर्गाच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागाही कॅपमध्येच भरतात. मंजूर जागांच्या पाच टक्के, मूळ संख्येच्या वरच्या, आणि तिथे शिक्षण शुल्क लागत नाही. दलाल यातलं काही सांगणार नाही. तो मागच्या वर्षीचा कट-ऑफ दाखवून ‘बघा, तुम्हाला कॅपमधून मिळणारच नाही’ म्हणेल आणि दुसऱ्या फेरीची यादी लागायच्या आत पैसे मागेल. जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवासाचे दाखले एप्रिलमध्येच काढून ठेवले असतील, तर तिसऱ्या फेरीपर्यंत थांबणं परवडतं.