विद्यार्थ्याने प्रश्न कोणता निवडला?

उपयोजित कला शिकवणाऱ्या महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात भिंतीवर काय लागलेले असेल, याचा अंदाज हल्ली आत पाऊल टाकण्याआधीच बांधता येतो. एखाद्या काल्पनिक कॉफी ब्रँडचे बोधचिन्ह आणि त्याचे कप, परदेशी बुटांच्या कंपनीची जाहिरात मोहीम, जेवण मागवण्याच्या ॲपचे पाच-सहा स्क्रीन आणि या सगळ्यांचे झकपक मॉकअप. काम सफाईदार असते, रंगसंगती नेटकी असते, टाइपही विचारपूर्वक निवडलेला असतो. पाहुणे कौतुक करतात, एजन्सीचे लोक पोर्टफोलिओ चाळतात, पालक पगाराचा अंदाज घेतात. हे काम नेमकी कोणाची अडचण सोडवते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थ्याचे मूल्यमापन याच प्रश्नापासून सुरू व्हावे, असे माझे म्हणणे आहे. शिक्षणाच्या वर्षांत समोर ग्राहक नसतो. डिझायनरच्या आयुष्यात असा काळ पुन्हा क्वचितच येतो. नोकरी किंवा व्यवसाय सुरू झाला की प्रश्न ग्राहकाच्या ब्रीफमधून येतो आणि डिझायनरच्या वाट्याला फक्त उत्तर उरते. प्रश्न स्वतः शोधण्याची मोकळीक कॉलेजातच मिळते. ती अस्तित्वात नसलेल्या ब्रँडना सजवण्यात घालवणे हा अपव्यय आहे. ज्यांना डिझायनरची फी कधीच परवडणार नाही, अशा माणसांच्या अडचणींवर ती खर्च व्हायला हवी.

याचे बोलके उदाहरण न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समधले आहे. डेबोरा ॲडलर या विद्यार्थिनीने २००२ साली पदव्युत्तर प्रबंधासाठी औषधाची बाटली हा विषय घेतला. निमित्त घरातलेच होते. तिच्या आजीने चुकून आजोबांचे औषध घेतले होते. अमेरिकेत डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या औषधविक्रेता मोजून नारिंगी रंगाच्या गोल बाटलीत भरतो आणि वर लेबल चिकटवतो. ती बाटली कित्येक दशके जवळपास तशीच चालत आली होती. ॲडलरने काही नवे रेखाटण्याआधी त्या लेबलाची तपासणी केली. दुकानाचे नाव सर्वांत वर आणि ठळक, औषधाचे नाव आणि ते कसे घ्यायचे हे बारीक अक्षरांत. बाटली गोल असल्याने एक ओळ वाचायलाही ती हातात फिरवावी लागे. धोक्याच्या सूचनांच्या रंगीत पट्ट्यांवरची अक्षरे रंगातच बुडून जात. लेबल लिहिले होते दुकानदाराच्या सोयीने आणि वाचायचे होते आजारी माणसाने. ॲडलरने माहितीचा क्रम उलटा केला. औषधाचे नाव आणि ते घेण्याची सूचना वर ठळक आली, दुकानाच्या कामाचा तपशील खाली गेला, वाचण्यासाठी बाटलीला सपाट बाजू मिळाली. टार्गेट या दुकानांच्या साखळीने ही कल्पना उचलली. औद्योगिक डिझायनर क्लाउस रोझबर्ग यांच्या साथीने तिला अंतिम रूप मिळाले आणि २००५ साली झाकणावर उलटी उभी राहणारी, रुंद लेबलाची बाटली बाजारात आली. घरातल्या प्रत्येकाला वेगळ्या रंगाचे कडे होते, म्हणजे आजीची बाटली आणि आजोबांची बाटली लांबूनही वेगळी ओळखू यावी. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ही बाटली आपल्या संग्रहात घेतली. तिचे यश आकारापेक्षा आधीच्या लेबलाच्या तपासणीत होते.

आपल्याकडे अशा प्रश्नांची वाण नाही. आपल्या घरात बाटलीऐवजी गोळ्यांची पट्टी येते. तिच्या चमकत्या फॉइलवर इंग्रजीत बारीक छपाई असते. दुकानदाराने चार गोळ्या कापून दिल्या की मुदत संपण्याची तारीख अनेकदा दुसऱ्या तुकड्यावर राहते. प्रतिजैविकांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे आणि तो लोकांना कळावा म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली मोहीमही काढली. पण रेघ स्वतःहून काही सांगत नाही. ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ती बोलते. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रमुख औषध ब्रँडवर क्यूआर कोड बंधनकारक झाला. अस्सल औषध ओळखायला तो उपयोगी आहे, पण स्मार्टफोन न वापरणाऱ्या आजीला त्याचा काय उपयोग? तिच्या हातात येते ती औषधाच्या दुकानातली कागदी पुडी. तिच्यावर दुकानाचे नाव, फोन नंबर आणि घरपोच सेवेची जाहिरात असते. कोपऱ्यात जागा उरली तर पेनाने लिहिलेले १-०-१. या पुडीचे ब्रीफ कोणतीही कंपनी कोणत्याही एजन्सीला देणार नाही. म्हणूनच ती विद्यार्थ्याने हातात घ्यावी. सकाळ, दुपार आणि रात्र अक्षराशिवाय कशी दाखवायची, तीन वेगवेगळ्या पुड्या एकाच घरात आल्या तर गोंधळ कसा टाळायचा, छपाईचा खर्च वाढू न देता हे कसे जमवायचे, यात एका सत्राचे काम सहज आहे.

दुसरे क्षेत्र अक्षरांचे. इथे तर मुंबईची स्वतःची परंपरा आहे. विंडोजवर वर्षानुवर्षे देवनागरी ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये दिसली, तो र. कृ. जोशी यांनी घडवला. जोशी जाहिरात क्षेत्रातून पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवायला आले होते. जे. जे. उपयोजित कला संस्थेतून नुकतेच बाहेर पडलेले अच्युत पालव यांनी १९८२-८३ मध्ये उल्का या जाहिरात संस्थेच्या शिष्यवृत्तीवर मोडी लिपीचा अभ्यास केला. व्यवहारातून गेलेल्या लिपीला तेव्हा ग्राहक कोण होता? त्या अभ्यासातून मोडी आणि देवनागरीचा मेळ घालणारी त्यांची मुक्तलिपी आली. आयडीसीतच देवनागरी टाइपवर संशोधन केलेले गिरीश दळवी आणि सारंग कुलकर्णी यांच्या ‘एक टाइप’ने मुक्ता आणि बालू यांसारखे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले, त्यामुळे ते कोणालाही फुकट वापरता येतात. आयडीसीत तमिळ अक्षरांवर पीएच.डी. करणारे डी. उदय कुमार यांनी रुपयाचे चिन्ह दिले आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते स्वीकारले. त्यातला तर्क थोडक्यात सांगता येतो. देवनागरी ‘र’ आणि रोमन आर यांची सांगड, भारतीय लिपीची खूण म्हणून शिरोरेषा आणि तिच्या जोडीला दुसरी रेघ, म्हणजे दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेसह तिरंग्याचा भास. हा तर्क सगळ्यांना पटला असे नाही. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात त्याऐवजी तमिळ अक्षर वापरले आणि वाद पेटला. पण या चिन्हामागची कारणे उघड मांडलेली आहेत, म्हणून वाद निदान कारणांवर घालता येतो. कारणे नसलेल्या डिझाइनबद्दल ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ एवढेच बोलता येते.

यावर पहिला आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो हलका नाही. खासगी महाविद्यालयांची फी मोठी आहे, अनेक मुले कर्ज काढून शिकतात, आणि मुलाखत घेणाऱ्याला ब्रँडिंग, पॅकेजिंग, ॲपचे स्क्रीन पाहायचे असतात. औषधाच्या पुडीवर सत्र घालवलेल्या मुलाला नोकरी कोण देणार? पण पुडीचे काम म्हणजेच पॅकेजिंग, माहितीची मांडणी, टाइप आणि छपाईच्या मर्यादांचे काम आहे. कौशल्य तेच लागते, फक्त खोटी अट जाऊन खरी येते. काल्पनिक ब्रँडचा ग्राहक कधीच नकार देत नाही, म्हणून त्याच्यासाठी केलेल्या कामात विद्यार्थी कुठे चुकला हे कळतच नाही. औषध घेणाऱ्या पाच वृद्धांसमोर पुडी ठेवली तर तासाभरात कळते. याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी की समाजोपयोगी कामाच्या नावाखाली विद्यार्थ्यांचे श्रम फुकट लाटले जातील. ही भीती अनाठायी नाही. पोर्टलंड स्टेट विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसन यांना १९७१ साली नायकेच्या खुणेचे पस्तीस डॉलर मिळाले होते; कंपनीने १९८३ साली त्यांना शेअर दिले, पण तो कंपनीचा मोठेपणा होता, करारातला हक्क नव्हता. तेव्हा सरकारी खाते, पालिका किंवा रुग्णालय विद्यार्थ्याचे काम वापरणार असेल, तर त्याला मोबदला, श्रेय आणि लेखी करार मिळालाच पाहिजे. एका बक्षिसासाठी शेकडो जणांकडून तयार बोधचिन्हे मागवणाऱ्या खुल्या स्पर्धा म्हणजे शिक्षण नव्हे. तिथे हरलेल्याला आपण का हरलो हेही कळत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. विद्यार्थ्याचे उत्तर भिंतीवर शोभते, बाजारात टिकत नाही, असे अनुभवी मंडळी सांगतात. दाखला म्हणून ॲडलरच्या बाटलीचेच पुढचे प्रकरण देता येईल. टार्गेटने २०१५ साली आपला औषधविक्रीचा व्यवसाय सीव्हीएस या कंपनीला विकला आणि ती बाटली बंद झाली. ग्राहकांनी नाराजी व्यक्त केली, तरी जुन्या पद्धतीच्या बाटल्या परत आल्या. इथपर्यंत आक्षेप खरा वाटतो. पण २०१७ साली सीव्हीएसने याच ॲडलरकडून औषधांचे नवे वेळापत्रक करून घेतले. रुग्णाची सगळी औषधे एका कागदावर, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना अशा रकान्यांत मांडलेली. आकार गेला, विचार टिकला. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाकडून अपेक्षा ठेवायची ती याचीच. पहिल्याच प्रयत्नात तयार माल निघणार नाही, पण अडचण नीट मांडली गेली असेल तर पुढचा कोणी, किंवा तोच विद्यार्थी काही वर्षांनी, तिथून पुढे जाऊ शकतो. त्यासाठी रद्द केलेले आराखडे, लोकांना विचारलेले प्रश्न, बदललेले निर्णय हे सगळे नोंदलेले हवे. डिझाइनच्या वर्गात ज्याला ‘प्रोसेस’ म्हणतात, ते अनेक ठिकाणी सबमिशनच्या आदल्या रात्री मागाहून रचले जाते. अंतिम पोस्टरला सर्वाधिक गुण असतील, तर मुले दुसरे काय करणार?

तिसरा आक्षेप ताजा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही सेकंदांत बोधचिन्ह, पोस्टर, आख्खी मोहीम काढून देतात. मग विद्यार्थ्याने इतका विचार करून काय साधणार? माझ्या मते हा आक्षेप नसून माझ्याच बाजूचा पुरावा आहे. सफाईदार चित्र स्वस्त झाले, म्हणजे केवळ सफाईवर उभ्या असलेल्या पोर्टफोलिओची किंमत उतरली. साधन विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे, हे औषधाच्या दुकानात उभे राहून, एसटी स्थानकावर फलक शोधणारा प्रवासी पाहून, तलाठी कार्यालयात सातबारा उलटसुलट करणारा शेतकरी पाहून ठरते. शिवाय ही साधने देवनागरी जोडाक्षरांत अजूनही वारंवार अडखळतात. मराठी वळणाचे ल आणि श कोणते, हे राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात सांगितले, तरी हाताशी आलेला फॉन्ट जे वळण देईल तेच फलकांवर आणि जाहिरातींत उमटते. ते चुकले हे ओळखणारा डोळा शिकवावा लागतो. साधन वापरू नये, असे कोणी म्हणत नाही. पण वापरणाऱ्याला चूक आणि बरोबर यांतला फरक कारणांसह सांगता आला पाहिजे.

तेव्हा बदल कठीण नाहीत. शेवटच्या वर्षाचा किमान एक प्रकल्प खऱ्या माणसांच्या खऱ्या अडचणीवर असावा आणि त्याचे निम्मे गुण प्रश्नाची निवड, पाहणी आणि वापरणाऱ्यांसमोर घेतलेली चाचणी यांना असावेत. ज्युरीत जाहिरात क्षेत्रातल्या माणसाशेजारी एक औषधविक्रेता, एक एसटी वाहक किंवा एक शाळाशिक्षिका बसवावी. एसटी महामंडळ, महापालिका आणि जिल्हा रुग्णालये यांनी आपले फलक, अर्ज आणि चिठ्ठ्या विषय म्हणून कॉलेजांना द्याव्यात आणि काम वापरले तर पैसेही द्यावेत. जे. जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे स्वतःचा अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार आला. हा पायंडा पाडायला त्याहून योग्य जागा राज्यात नाही. आणि पालकांनी, प्रेक्षकांनी प्रदर्शनात गेल्यावर विद्यार्थ्याला तीनच गोष्टी विचाराव्यात. हे कोणासाठी केलेस, त्यांना दाखवलेस का, आणि त्यांनी काय सांगितल्यावर तू काय बदललेस? ज्याच्याकडे या तिन्हींची उत्तरे आहेत, त्याचे काम थोडे ओबडधोबड असले तरी पहिला नंबर त्याचा.