बंगासाहेब, वाचवलेले महिने कोणाचे?

प्रति,
श्री. अजय बंगा,
अध्यक्ष, जागतिक बँक, वॉशिंग्टन



आपला जन्म खडकीचा. २ जून २०२३ रोजी आपण बँकेची सूत्रे हाती घेतलीत, तेव्हा आम्हा पुणेकरांना उगाचच बरे वाटले. आधी ओळख काढायची आणि मग काम सांगायचे, ही आपल्याकडची रीत आपण विसरला नसाल. ओळख काढून झाली, आता काम सांगतो.

प्रकल्पाच्या मंजुरीला पूर्वी सरासरी १९ महिने लागत, ते १६ वर आले आणि १२ वर आणायचे आहेत, असे आपण २०२४ मध्ये अनेक व्यासपीठांवरून सांगितले होते. फायली अडून राहण्याचे कौतुक आम्हालाही नाही. पण हे महिने नेमके कुठून कमी झाले? वॉशिंग्टनमधल्या सह्या-शिक्क्यांतून झाले असतील तर अभिनंदन. गावात जाऊन 'तुमचे काय काय जाणार आहे' हे विचारण्याचे महिने कापले गेले असतील, तर त्याचे काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे.

१९८५ साली बँकेने नर्मदेवरच्या सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. धरण गुजरातेत, पण पाण्याखाली जाणाऱ्या गावांपैकी ३३ गावे आमच्या सातपुड्यातली. त्यातले मणिबेली पहिले. सातबारा नावावर नसला तरी पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणारा तिथला आदिवासी सरकारी कागदावर 'अतिक्रमणदार' ठरला आणि पुनर्वसनाच्या हिशोबात त्याची जमीन जमीन राहिलीच नाही. लोकांनी आवाज उठवल्यावर बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२ मध्ये समितीने साफ सांगितले: ज्यांना उठवायचे त्यांच्याशी धड बोलणेच झालेले नाही, पर्यावरणाचे अभ्यास अपुरे आहेत, बँकेने मागे सरावे. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरात कार्यकारी संचालकांनी अटी घालून कर्ज चालू ठेवले. मार्च १९९३ अखेर अटी पूर्ण करण्याची मुदत आली आणि भारत सरकारनेच उरलेले कर्ज नको म्हणून कळवले. पाणी मात्र त्यानंतरही चढत राहिले.

आपल्या इन्स्पेक्शन पॅनेलचे मूळ इथे आहे. १९९३ साली ते स्थापन झाले आणि प्रकल्पाची झळ बसलेल्या माणसांना थेट बँकेविरुद्ध तक्रार करता येऊ लागली. जगात अशी सोय करणारी ही पहिली मोठी वित्तसंस्था, हे श्रेय बँकेचेच. अर्धे श्रेय नर्मदाकाठचे, ते कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही, एवढेच.

त्या पॅनेलचा मुंबईने केलेला उपयोग आपण मुद्दाम वाचावा. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला २००२ मध्ये कर्ज मंजूर झाले. रेल्वे सुधारायची, सांताक्रूझ-चेंबूर आणि जोगेश्वरी-विक्रोळी हे जोडरस्ते करायचे. किती माणसे उठणार? आधी धरली ८० हजार, प्रत्यक्षात निघाली सुमारे १ लाख २० हजार. ४० हजार माणसे मोजणीतून सुटतात, तेव्हा ती चूक गणिताची नसते. कुर्ल्याच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे दुकानदार २००४ साली पॅनेलकडे गेले. वर्षानुवर्षे जम बसलेला मोठा गाळा जाणार आणि बदल्यात फुकट मिळणार २२५ चौरस फूट. ज्याचे गिऱ्हाईक रस्त्यावरच्या वर्दळीतून येते, त्याने आतल्या इमारतीत जाऊन कोणाची वाट पाहायची? मानखुर्दला हलवलेल्या कुटुंबांची गाऱ्हाणी वेगळी होती. डिसेंबर २००५ च्या अहवालात पॅनेलने मोजणी, पर्यायी जागा, रोजगार आणि तक्रार ऐकण्याची व्यवस्था या सगळ्यांत बँकेने स्वतःचेच नियम पाळले नसल्याचे दाखवले. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे थांबवले आणि जूनअखेर पुन्हा सुरू केले. सांताक्रूझ-चेंबूर रस्ता वाहतुकीला खुला झाला २०१४ मध्ये. सुरुवातीला माणसे नीट न मोजून जे महिने वाचवले, ते पुढे वर्षांच्या भावाने फेडावे लागले.

शिवाय पॅनेल तपासते ते फक्त बँकेला. राज्य सरकार, कंत्राटदार त्याच्या कक्षेबाहेर. चूक सिद्ध झाली तरी भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार त्याला नाही. कोर्टात जावे, तर आपल्याच गटातल्या आयएफसीने (आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने) गुजरातेतल्या मुंद्रा वीज प्रकल्पाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आपल्यावर दावाच चालू शकत नाही, असा पवित्रा घेतला होता. २०१९ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी तो फेटाळला. खालच्या कोर्टात आयएफसी दुसऱ्या मुद्द्यावर सुटली, हा भाग निराळा. लेखापरीक्षक स्वतःच नेमायचा आणि कोर्टात संरक्षणही मागायचे, हे एखाद्या पतसंस्थेच्या संचालकांनी केले असते तर सभासदांनी वार्षिक सभा डोक्यावर घेतली असती.

आता पैशाचे. आमच्याकडे सरकारी कामाच्या ठिकाणी फलक असतो: कामाचे नाव, मंजूर रक्कम, कंत्राटदार, सुरू केल्याची तारीख. शेवटची ओळ 'प्रत्यक्ष खर्च'. ती बहुतेक वेळा कोरी. बँकेचा फलकही फार वेगळा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने २०१७ ते २०२३ या काळातला बँकेचा हवामान-निधी तपासला आणि २४ ते ४१ अब्ज डॉलरचा माग लागत नाही, असे म्हटले. कोणी पैसे खाल्ले, असे ऑक्सफॅमही म्हणाले नाही. मुद्दा एवढाच, की मंजुरीच्या दिवशी आकडा गाजतो आणि प्रकल्प संपताना त्यातले किती, कशावर खर्च झाले ते जाहीर कागदांवरून जुळत नाही.

याच्या शेजारी विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी ठेवून पाहा. २०१८ साली आपल्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून १५ जिल्ह्यांतल्या पाच हजारांहून अधिक गावांत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, लोकांच्या तोंडी 'पोकरा'. ठिबकचे अनुदान हवे तर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग पदरच्या पैशाने खरेदी, पक्के बिल, मोका तपासणी, अक्षांश-रेखांशासह फोटो. मग कधीतरी पैसे खात्यात. थेट खात्यात येतात, हे चांगलेच. पण एक नळी कमी भरली तर तो अपात्र ठरू शकतो. आणि त्याच प्रकल्पाची पाहणी करायला आपले मिशन येते, चार दिवस फिरते, मुंबईत बैठक होते आणि निघताना एड मेमॉयरवर सह्या होतात. काय चालले, काय रखडले, सरकारने काय कबूल केले, सगळे त्यात. तो कागद शेतकऱ्याला दिसत नाही, आणि कर्ज फेडायचे त्याच्याच कराच्या पैशातून.

२०१० मध्ये बँकेने माहिती खुली करण्याचे धोरण आणले, तेव्हा भारताच्या माहिती अधिकार कायद्याचा आदर्श समोर होता. आमच्या कायद्यात माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड आहे, आणि अर्ज मराठीत करता येतो. आपल्या धोरणानुसार एड मेमॉयर प्रसिद्ध करायचा तर बँक आणि कर्जदार सरकार, दोघांची संमती लागते. बँकेचा अधिकारी म्हणतो, सरकार तयार नाही. मंत्रालयातला म्हणतो, बँकेने सांगितले नाही. दोघांचेही भागते.

तेव्हा काम इतकेच. महाराष्ट्रात पुढचे मिशन येईल, तेव्हा एड मेमॉयर मराठीत प्रसिद्ध करून ग्रामसभेपुढे ठेवण्याची संमती राज्य सरकारकडे लेखी मागा. नकार आला, तर सही करणाऱ्याच्या हुद्द्यासह तो नकारही प्रसिद्ध करा.

कळावे,
आपला,
महाराष्ट्रातील एक करदाता