चतुष्कोटी म्हणजे सत्यता सारणी नव्हे

१/ नागपूरजवळच्या रामटेकला नागार्जुनांच्या नावाची टेकडी आहे. तिबेटी परंपरा या बौद्ध तत्त्वज्ञाचा जन्म विदर्भात सांगते. त्यांच्या चतुष्कोटीला कोटी चार, संगणकशास्त्रातील परिचित सत्यता सारणीला ओळी चार. तेव्हा सारणी मूळची आपलीच, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा.

२/ आहे, नाही, आहे आणि नाहीही, आहे असेही नाही, नाही असेही नाही. या चार कोटी. सारणीच्या चार ओळी दोन स्वतंत्र विधानांमुळे येतात. चतुष्कोटीत विधान एकच, म्हणून ओळी दोनच. तिसरी कोटी मांडून पाहावी: दोन्ही ओळींत असत्य. चौथीही तशीच. द्विमूल्य तर्काला या दोहोंत भेदच दिसत नाही! नागार्जुन त्यांना वेगळ्या मानतात, आणि निर्वाणाच्या चर्चेत तर चारही नाकारतात.

३/ सारणीचे आजचे रूप १९२१ मध्ये विटगेनश्टाइन आणि एमिल पोस्ट यांच्या लेखनातून पुढे आले. श्रेय त्यांचे.

४/ खरे साम्य अन्यत्र आहे. १९७७ मध्ये न्युएल बेलनॅप यांनी संगणकासाठी चार मूल्ये सुचवली: सत्य, असत्य, दोन्ही, एकही नाही. निवृत्तिवेतनाच्या यादीत एकाच व्यक्तीपुढे एका कार्यालयाने ‘हयात’ लिहिले, दुसऱ्याने ‘मृत’, तर? द्विमूल्य तर्कात अशा एका विसंगतीतून वाटेल तो निष्कर्ष निघतो. सारी यादीच निकामी ठरते. बेलनॅप यांच्या तर्कात बिघाड त्या एका नोंदीपुरता राहतो. बारावीच्या गणितात तर्कशास्त्राचे प्रकरण आहेच; दोन ओळींच्या सारणीनंतर हे उदाहरण तिथे यायला हवे.