भंगारातला स्विच

मंडळी, सध्या मी जाम चिडलेलो आहे. निमित्त क्षुल्लक वाटेल: चोवीस पोर्टांचा एक जुना स्विच. वेल्हे तालुक्यातल्या (आता राजगड तालुका म्हणायचं, जीभ वळायला वेळ लागणार) एका शाळेने तो भंगारात काढला. शाळेचं नाव लिहीत नाही, तिथले निम्मे शिक्षक माझेच विद्यार्थी आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या घटनेनंतर, शासनाने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. कॅमेरे बसले, योग्यच झालं. पण कॅमेरे, संगणक कक्ष आणि कार्यालय, सगळ्यांच्या वायरी एकाच स्विचमध्ये खुपसल्या. एके दिवशी आठवीच्या पोराने कक्षातल्या संगणकावरून कार्यालयाचं फोल्डर उघडलं. आत मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे मोबाईल आणि घटक चाचणीची प्रश्नपत्रिका! पोरगा सरळ, स्वतःच येऊन सांगितलं. मग भोरहून तंत्रज्ञ आला. "सर, हा डबा जुना झाला. तीन नवीन घ्या, तीन ठिकाणी तीन."

आता गंमत बघा. ते तीन साधे डबे शेवटी एकाच राउटरच्या शेजारशेजारच्या भोकांत लागणार होते. म्हणजे पैसे जाऊनही जाळं एकच, आणि पोराला फोल्डर तसंच दिसलं असतं! उलट भंगारातला डबा 'मॅनेज्ड' होता. त्याला व्हीलॅन करता येतात. त्याचं ८०२.१क्यू हे मानक १९९८ सालचं. इतकी वर्षं ती सोय त्या डब्यात पडून होती, कुणी उघडून पाहिली नाही.

व्हीलॅन म्हणजे काय? मी एकशिक्षकी शाळेत नोकरी केली आहे. एक खोली, चार इयत्ता. तिसरीला पाढा विचारला की पहिलीने तोंड उघडायचं नाही. मध्ये भिंत नव्हती, रांगा होत्या. तशाच रांगा स्विचमध्ये लावायच्या. ठरावीक पोर्ट कार्यालयाचे, क्रमांक १०; काही कक्षाचे, २०; उरलेले कॅमेऱ्यांचे, ३०. एका रांगेतली हाक दुसरीत जात नाही. राउटरकडे मात्र एकच वायर जाते, म्हणून तिथे प्रत्येक पाकिटाला चार बाइटांची चिठ्ठी लागते. सहलीच्या एसटीत मी पोरांच्या खिशाला इयत्तेची चिठ्ठी लावायचो, तशी. राउटरला ती चिठ्ठी वाचता आली पाहिजे (शाळेच्या राउटरला येत होती, नशीब), आणि एका रांगेतून दुसरीत सोडायचं नाही हेही त्याला बजावावं लागतं. नाहीतर पुढच्या दाराने काढलेला पोरगा मागच्या दाराने वर्गात!

नातू आणि मी (हो, तूच रे, वाचतोयस ना?) एका रविवारी बसलो. नव्या ब्राउझरने त्या डब्याचं पान उघडायलाच नकार दिला, जुना लॅपटॉप काढावा लागला. पोर्ट रांगेत घातले, पण पीव्हीआयडी बदलायचा राहिला; ते पान वेगळं असतं. संगणक मुके झाले. नंतर मी ज्या पोर्टवर बसलो होतो तोच दुसऱ्या रांगेत टाकला आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. नातू हसला, मी नाही. शेवटी सगळं जमलं आणि वीज गेली. 'सेव्ह' केलं नव्हतं. वेल्ह्याच्या पावसाळ्यात हा धडा फार लवकर मिळतो.

जुन्याला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, हा आक्षेप मात्र मला मान्य. म्हणून त्याचं पान फक्त कार्यालयाच्या रांगेतून उघडेल असं केलं, पासवर्ड बदलला. फोल्डरलाही पासवर्ड घातला, जो आधीच हवा होता. वेग कमी म्हणाल, तर एका कॅमेऱ्याला साधारण चार मेगाबिट लागतात आणि त्या डब्याचा पोर्ट शंभरचा आहे. कुठे अडतंय?

राग तंत्रज्ञावर नाही. राग याचा आहे की समितीकडे तीन डब्यांचे पैसे निघतात आणि पुस्तिका वाचायला तासभर निघत नाही. पुस्तिका महाजालावर फुकट आहे. आम्ही मुलांना 'स्वाध्याय करा' म्हणून छड्या मारल्या, तो स्वाध्याय स्टाफरूममध्ये का शिरत नाही?

असो. सोमवारी त्याच पोराला कक्षात बसवलं. "गुरुजी, आता काहीच दिसत नाही," म्हणाला, जरा हिरमुसून. भोरच्या तंत्रज्ञाला मी पुस्तिका छापून पाठवली आहे. अजून फोन आलेला नाही.