घरकुलांचे पुरस्कार कोणाला द्यावेत?

काही वर्षांपूर्वी परवडणाऱ्या घरांच्या क्षेत्रात उत्कृष्ट काम करणाऱ्या नागरी संस्थांची निवड करणाऱ्या एका समितीचा मी सदस्य होतो. पुढ्यात आलेल्या प्रस्तावांत मंजूर घरे, काम सुरू झालेली घरे, पूर्ण घरे, खर्ची पडलेला निधी आणि पाठविलेली छायाचित्रे असे रकाने होते. एका नगराचे गुण सर्वाधिक भरत होते. तेथील वसाहत मी योगायोगाने महिनाभरापूर्वीच पाहिली होती. इमारती पूर्ण होत्या, रंग ताजा होता आणि निम्म्याहून अधिक दारांना कुलपे होती. पाण्याची जोडणी न झाल्याने लोक राहावयास गेलेच नव्हते. ही बाब मी बैठकीत मांडली. ‘त्यासाठी प्रपत्रात रकाना नाही,’ असे उत्तर मिळाले आणि ते शब्दशः खरे होते. पुरस्कार त्याच नगरास मिळाला. इतिवृत्तावर माझीही स्वाक्षरी आहे.

हा एका समितीचा दोष मानून सोडून देता आले असते, तर बरे झाले असते. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात व त्यानंतरच्या राजीव आवास योजनेत बांधलेली कितीतरी घरे रिकामी राहिली. त्यांची संख्या एवढी होती, की २०२० मध्ये केंद्र सरकारला ती भाड्याने देण्यासाठी स्वतंत्र योजना आखावी लागली; त्या वेळी अशा घरांचा आकडा सुमारे १ लाख सांगितला गेला. बांधकाम संपले त्या वर्षी मात्र ही सर्व घरे ‘पूर्ण’ याच रकान्यात जमा झाली होती.

पुरस्काराची घाई कशी अंगलट येते, याचे याहून बोलके उदाहरण इंदूरचे आहे. या एकाच शहरातील दोन प्रकल्पांना वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. पहिला १९९५ मध्ये, बाळकृष्ण दोशी यांनी आखलेल्या अरण्य वसाहतीला; दुसरा १९९८ मध्ये, झोपडपट्ट्यांतील गटारे, रस्ते व नाले एका जाळ्यात गुंफणाऱ्या प्रकल्पाला. अरण्यमध्ये जोते, शौचालय आणि पाण्या-सांडपाण्याच्या जोडण्या देऊन पुढचे घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी कल्पना होती, आणि कुटुंबांनी ते वाढविलेही. दुसऱ्या प्रकल्पाची कल्पनाही मोठी होती, परंतु नगररचनाकार गीता दिवाण वर्मा यांनी २००० च्या सुमारास प्रत्यक्ष वस्त्यांत फिरून लिहिले, की गटारे तुंबली आहेत आणि गौरव व वास्तव यांत मोठे अंतर पडले आहे. त्यांच्या टीकेची धार काहींना अधिक वाटली. मला त्यातील एकच मुद्दा महत्त्वाचा वाटतो: गटार बांधणाऱ्याचे नाव जगभर गेले, पण ते वाहते ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे शेवटपर्यंत नीट ठरलेच नाही.

घर बांधणे हे दीड-दोन वर्षांचे काम असते, ते चालविणे तीस वर्षांचे. चेन्नईच्या दक्षिणेला पेरुंबक्कम येथे शहरातील नदीकाठांवरून हलविलेली हजारो कुटुंबे आठ मजली इमारतींत राहतात. तेथे लिफ्ट बंद पडली, की वृद्ध माणूस वर अडकून पडतो आणि हांडे जिन्याने चढवावे लागतात. अशा वसाहतीत उत्कृष्ट कर्मचारी कोण? आराखडा मंजूर करणारा मुख्य अभियंता, की पंप जळाल्याच्या रात्री फोन उचलणारा कनिष्ठ अभियंता? १९७० मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२१ मध्ये नामांतर झालेल्या तमिळनाडूच्या गृहनिर्माण मंडळाने रहिवाशांचे संघ नोंदवून, त्यांनी जमविलेल्या देखभाल वर्गणीत शासनाने तेवढीच भर घालण्याची योजना आणली, ती मला म्हणूनच पुरस्कारांपेक्षा शहाणपणाची वाटते. रहिवासी संघाच्या चिटणीसाला दरमहा दारोदार वर्गणी मागत हिंडावे लागते आणि त्याबद्दल बोलणीही त्यालाच खावी लागतात. आपल्या कोणत्याही सन्मानयादीत तो बसत नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. एका शहरात मी आयुक्त असताना नदीकाठच्या वस्तीचे पुनर्वसन झाले. सोडतीत शेजारी शेजाऱ्यापासून तुटले, गुडघ्यांनी अधू झालेल्या म्हाताऱ्या चौथ्या मजल्यावर गेल्या. आमच्याकडे एक समुदाय संघटक होती, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. तिने दोन महिने खपून आपसांत सदनिका बदलून घेण्यास कुटुंबांना राजी केले, शिधापत्रिका नव्या दुकानाला जोडून दिल्या, मुलांचे शाळाप्रवेश करविले. वसाहत भरली ती त्यामुळे. सन्मानचिन्ह व्यासपीठावर मी स्वीकारले. ते शहराच्या नावाने होते आणि प्रशस्तिपत्रात ‘सक्षम नेतृत्वाखाली’ असे शब्द होते. त्याच मार्चअखेर योजनेचा निधी संपला व तिचे कंत्राट नूतनीकरणाविना संपुष्टात आले. मी नियमांत काही मार्ग शोधला का? शोधला असता तर कदाचित सापडला असता.

कंत्राटी कर्मचाऱ्याला शाल-श्रीफळ नको असते. मानधन वेळेवर मिळणे, प्रवासभत्ता मिळणे आणि चांगले काम केल्याची नोंद पुढील निवडीत ग्राह्य धरली जाणे, हीच त्याच्या दृष्टीने मान्यता. पुरस्कारांनी हे घडत नसेल, तर समारंभावरचा खर्च मानधनाकडे वळवावा, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. तथापि पुरस्कार निरर्थक असतात, हेही मला मान्य नाही. आगा खान पुरस्काराचीच एक प्रथा घेण्यासारखी आहे: श्रेय वास्तुकाराबरोबरच गवंडी, अभियंता, नगरपालिका अशा सर्वांत वाटता येते. १९८३ मध्ये मालीतील निओनोच्या मशिदीसाठी लासिने मिंटा या गवंड्याचाच गौरव झाला. आपल्याकडे झारखंडमध्ये गवंडीकाम शिकलेल्या स्त्रियांना ‘राजमिस्त्री’च्या जोडीने ‘रानी मिस्त्री’ हे नाव मिळाले, आणि शौचालये बांधता बांधता त्यांतील काही जणी घरे बांधू लागल्या. लोकांनी दिलेली ही पदवी कोणत्याही प्रशस्तिपत्राहून टिकाऊ आहे. ग्रामीण आवास योजनेत पंचेचाळीस दिवसांचे गवंडी प्रशिक्षण आहे. त्या गवंड्याचे नाव घराच्या पाटीवर मात्र क्वचितच दिसते.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे, की १ जानेवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या नागरी आवास योजनेच्या पुरस्कारांत राज्ये व शहरांबरोबर उत्तम घर बांधणाऱ्या लाभार्थ्यांचाही समावेश होता. हे पाऊल योग्य दिशेचे होते.

मध्यंतरी नव्या प्रपत्राबाबत अभिप्राय मागविले गेले, तेव्हा मी दोन रकाने सुचविले. ताबा दिल्यानंतर तीन वर्षांनी वस्ती असलेल्या घरांची संख्या हा एक. आणि प्रत्यक्ष काम केलेल्या कर्मचाऱ्यांची व संस्थांची नावे, कंत्राटी असल्यास तसा उल्लेख करून, हा दुसरा. पहिल्या रकान्यावर ‘माहिती उपलब्ध होणार नाही’ असा शेरा येऊन फाइल परत आली. वास्तविक प्रत्येक सदनिकेचा दरमहाचा वीजवापर वितरण कंपनीच्या दप्तरी असतो; ज्या घरात दिवा लागत नाही, ते तेथे लगेच कळते. तसे कळवून मी फाइल काल पुन्हा पाठविली आहे. दुसऱ्या रकान्यावर अद्याप कोणीच काही लिहिलेले नाही.